एका रात्रीची सोय

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'युरोपचा प्रवास' हा विषय दिला आहे आणि वेळ वीस मिनिटांची. आयफेल टॉवर आणि आल्प्सचा बर्फ आपल्यापैकी निम्म्यांनी पाहिला आहे आणि उरलेल्यांनी त्याचे फोटो आपल्या ग्रुपवर रोज सकाळी पाहिले आहेत. तेव्हा प्रेक्षणीय स्थळं मी सोडून देते. मी फक्त एका संध्याकाळबद्दल बोलणार आहे. शनिवार, ३० सप्टेंबर २०२३. त्या संध्याकाळी जर्मनीत आम्हा दोघींना झोपायला जागा नव्हती.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि आपल्याच वर्गातली एक मैत्रीण. ती इथेच बसली आहे. "माझं नाव घेतलंस तर उठून जाईन," असा दम तिने मला सकाळी नाश्त्यालाच दिलाय, म्हणून नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच. स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करायला वर्गशिक्षिका जिला पाठवायच्या आणि जी कधी रिकाम्या हाताने परत यायची नाही, तीच ती.

मी इंजिनिअरिंग करून पुण्याला गेले आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती सांगलीतच राहिली. बी.कॉम. झाली, लग्न झालं, मुलगा झाला. २०१४ साली तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं तिने केलं, जवळजवळ नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत ती एक रात्रसुद्धा घराबाहेर झोपली नाही. माहेर मिरजेला, पण तिथेही सकाळी जाऊन दिवेलागणीला परत. २०२३ च्या जानेवारीत सासूबाई गेल्या. मार्चमध्ये मी तिला भेटायला आले तेव्हा ती म्हणाली, "मला आता रात्री झोपच येत नाही. दर दोन तासांनी उठायची सवय लागलीय आणि उठून करायचं काही नसतं."

माझी रजा साठलेली होती, मुलगा हॉस्टेलला गेला होता. मी म्हटलं, चल, सॅक घेऊन युरोपात फिरून येऊ. सोळा दिवस, टूर कंपनी नाही, आपल्या आपण. तिच्या यजमानांनी लगेच हो म्हटलं. बाकीच्या नातेवाइकांनी विचारलं, "एकट्या दोघी?" हा 'एकट्या दोघी' शब्द मला फार आवडतो. दोन पुरुष निघाले तर ते दोघं असतात, दोन बायका निघाल्या की त्या एकट्या दोघी असतात.

ज्यांनी शेंगेन व्हिसा काढला आहे त्यांना माहीत आहे की तिथे प्रत्येक रात्रीचा हिशोब द्यावा लागतो. कुठल्या गावात, कुठल्या पत्त्यावर, किती रात्री, सगळ्याचे कागद. आमच्या फाइलीत सगळे कागद होते. गौरी-गणपती आटोपले, २४ सप्टेंबरच्या रात्री आम्ही मुंबईहून निघालो. व्हिएन्नाला तीन रात्री, साल्झबुर्गला दोन, आणि ३० तारखेपासून म्युनिकला दोन. तिथून स्वित्झर्लंड.

३० तारखेला दुपारी बारा वाजता साल्झबुर्गच्या स्टेशनवर कॉफी पीत असताना माझ्या फोनवर निरोप आला. म्युनिकच्या घरमालकाने आमचं बुकिंग रद्द केलं होतं. कारण दिलं नव्हतं. पैसे सात दिवसांत परत मिळतील, एवढंच लिहिलं होतं.

आता हे नेमकं त्या दिवशी होणं म्हणजे काय, ते सांगते. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बीअरचा उत्सव १८१० मध्ये बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त पहिल्यांदा भरला. नाव ऑक्टोबरचं असलं तरी तो सप्टेंबरमध्येच सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. पण तो रविवार १ किंवा २ तारखेला आला तर उत्सव ३ तारखेपर्यंत लांबतो, कारण ३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टीचा. २०२३ मध्ये पहिला रविवार १ तारखेलाच होता. म्हणजे शेवटचा आठवडा, त्याला जोडून सुट्टी. त्या वर्षी या उत्सवाला सुमारे ७२ लाख लोक आले. म्युनिकची स्वतःची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. पंढरपुरात आषाढीच्या आदल्या रात्री खोली शोधायला निघावं, तसं ते होतं.

मी फोन काढला आणि कामाला लागले. हे माझं रोजचं काम आहे. सिस्टीम कोसळली की कारण शोधायचं, पर्याय काढायचे, एकेक तपासायचा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. म्युनिकमध्ये उरलेल्या खोल्या एका रात्रीला साडेचारशे युरोंच्या पुढे. हॉस्टेलमधली एकही खाट रिकामी नाही. साल्झबुर्गमध्येही तीच गत, कारण गाडीने दोन तासांच्या आतलं गाव म्हणून उत्सवाची गर्दी तिथपर्यंत सांडलेली.

मैत्रीण गप्प होती. मग म्हणाली, "परत जाऊ या का?"

मी विचारलं, "कुठे परत?"

ती म्हणाली, "घरी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती. बारा वाजले होते, ऊन पडलं होतं, स्टेशनात आइसक्रीम मिळत होतं. आणि तिला साल्झबुर्गच्या स्टेशनवरून सांगली दिसत होती. एक खोली मिळाली नाही एवढ्या गोष्टीवर नऊ वर्षांनंतरचं हे बाहेर पडणं संपणार का, एवढाच प्रश्न त्या क्षणी होता. खोली मला सुचत नव्हती, पण हा प्रश्न मला दिसत होता.

मी म्हटलं, "चार वाजेपर्यंत प्रयत्न करू. नाहीच जमलं तर व्हिएन्नाला परत जाऊ. तिथलं हॉस्टेल ओळखीचं आहे, जागा आहे का ते मी आत्ताच बघते." जागा होती. अडीच तासांचा प्रवास. ती ठरलेली जागा हाताशी आहे म्हटल्यावर तिचा चेहरा थोडा सैल झाला. प्रवासात हे फार उपयोगी पडतं. सगळ्यात वाईट झालं तर रात्री कुठे जायचं ते आधी पक्कं करावं, मग बरं काही शोधायला लागावं. भीती डोक्यावर असली की माणूस समोरचं दारसुद्धा बघत नाही.

आमच्याकडे बव्हेरियाचं एक दिवसाचं तिकीट होतं. हे तिकीट साल्झबुर्गपासून चालतं आणि त्या राज्यातल्या साध्या गाड्यांमध्ये दिवसभर कितीही वेळा चढता-उतरता येतं. शनिवार-रविवारी तर मध्यरात्रीपासूनच. वेगवान गाड्यांना ते चालत नाही. पण वाटेत कुठेही उतरलो तरी एक पैसा जास्त लागणार नव्हता. मी म्हटलं, आपण म्युनिक शहर सोडून देऊ आणि म्युनिकला जाणारी रेल्वेलाइन धरू. त्या लाइनवर जे गाव मिळेल तिथे झोपू. नकाशावर नावं होती ट्राउनश्टाइन, प्रीन, रोझेनहाइम. कुठलं निवडायचं, हे मी फोनवर शोधायला लागले.

तेवढ्यात गाडी आली, आम्ही चढलो. मी अजून फोनमध्येच. आणि माझी मैत्रीण समोर बसलेल्या आजींशी बोलायला लागली.

आपल्या इंग्रजीच्या बाई इथे आहेत. बाई, तुम्हाला आठवत असेल, तोंडी परीक्षेला हिचा आवाज बसायचा. ताप नाही, सर्दी नाही, फक्त त्या दिवशी आवाज नाही. तीच बाई गाडीत एका जर्मन आजीला विचारत होती, "वी टू. नो रूम. व्हेअर गुड व्हिलेज फॉर स्लीप?" आजींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या कॉलेजच्या मुलाला विचारलं. त्याने पलीकडच्या बाईंना विचारलं. पाच मिनिटांत अर्धा डबा आमच्या झोपण्याची चर्चा करत होता. निकाल एकमताने लागला. प्रीनला उतरा. मोठा तलाव आहे, सुट्टीला माणसं येतात, पण सप्टेंबरअखेर गर्दी ओसरते. आणि तिथले लोक घरातल्या खोल्या भाड्याने देतात. पाटी बघा, असं त्या मुलाने सांगितलं आणि माझ्या वहीत दोन शब्द लिहून दिले. 'त्सिमर फ्राय', म्हणजे खोली रिकामी आहे. आणि 'बेलेग्ट' लिहिलं असेल तर भरलेली.

साडेचारच्या सुमाराला आम्ही प्रीनला उतरलो. पर्यटन माहितीचं ऑफिस शनिवारचं बंद झालेलं. तलावाच्या दिशेने चालायला लागलो. सुंदर घरं, खिडक्यांमधून लाल फुलं, आणि खरोखरच काही दारांवर त्या पाट्या. पहिल्या तीन घरांवर 'बेलेग्ट'. चौथ्या घरी एक तरुण बाहेर आला, चांगलं इंग्रजी बोलत होता. म्हणाला, आमचा फ्लॅट रिकामा आहे, पण किमान पाच रात्रींसाठी देतो. मी त्याला भाडं वाढवून देऊ केलं. तो हसला आणि नाही म्हणाला.

साडेपाचला तिच्या घरून व्हिडिओ कॉल आला. सांगलीत रात्रीचे नऊ वाजले होते. रोज या वेळेला ती खोलीत बसून मुलाशी बोलायची, त्याला खोली दाखवायची, पलंग दाखवायची. मी मनात म्हटलं, आता ही काहीतरी थाप मारणार. मुलाने विचारलं, "आई, पोचलात का म्युनिकला?" ती म्हणाली, "नाही रे. बुकिंग रद्द झालं. एका गावात उतरलोय, खोली बघतोय. मिळाली की कळवते. तू जेवलास का?" तो काही बोलायच्या आत यजमान मागून म्हणाले, "सावकाश बघा, घाई करू नका." आणि फोन ठेवला. एवढंच. मला वाटतं, त्या घरात त्या दिवशी काहीतरी बदललं. खोली नंतर मिळाली, ते आधी झालं.

पुढच्या गल्लीत एक 'त्सिमर फ्राय' दिसलं. सत्तरीच्या बाई दार उघडून उभ्या. मी एक बोट वर केलं, एक रात्र. त्यांनी मान हलवली. "आइने नाख्ट? नाइन." दार अर्धं लागलं. आम्ही फाटकापर्यंत आलो आणि माझी मैत्रीण थांबली.

"अगं, ती जागा नाही म्हणत नाहीये. ती एक रात्र नको म्हणतेय."

"तेच ते."

"तेच कसं? एका रात्रीसाठी दोन चादरी, दोन उश्यांचे अभ्रे, दोन पांघरुणं, टॉवेल, सगळं धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. संडास-बाथरूम घासायचं. सकाळी नाश्ता. एका रात्रीचं भाडं त्यात पुरतं का? मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. तो मगाचा मुलगापण तेच सांगत होता."

मी फोनवर दुपारपासून एकच गोष्ट बघत होते, खोली आहे की नाही. माझ्या पडद्यावर हिरवं आणि लाल एवढेच दोन रंग होते. खोली देणाऱ्या बाईच्या घरात दोरीवर किती चादरी वाळत घालाव्या लागतात, हे पडद्यावर नव्हतं. तिला ते दिसलं, कारण नऊ वर्षं तिने रोज चादरी बदलल्या होत्या.

ती परत गेली. तिने दारावर टकटक केलं. दोन बोटं वर केली, "टू नाइट्स." आम्हाला म्युनिकला दोनच रात्री राहायचं होतं, तेव्हा ते खरंच होतं. मग तिने सॅक उघडली आणि सोलापुरी चादर बाहेर काढली. ती चादर न्यावी की नाही यावरून पुण्यात आमचा दहा मिनिटं वाद झाला होता आणि ती जिंकली होती. चादर दाखवून तिने खुणेने सांगितलं, अंथरुण-पांघरुण आमचं आम्ही घेऊ. जेवायचं बोट आडवं हलवलं, नाश्ता नको. पाकिटातल्या नोटा दाखवल्या, रोख देतो. आणि शेवटी हात जोडले.

त्या बाई हसायलाच लागल्या. त्यांनी आत जाऊन नातीला फोन लावला, नात इंग्रजीत आमच्याशी बोलली. रात्रीचे सत्तर युरो, दोघींचे मिळून. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीतून सफरचंदाचं झाड. परदेशी पाहुण्यांचा नोंदणीचा फॉर्म भरला, पासपोर्टचे नंबर लिहिले, गावाचा पर्यटन-कर भरला. साडेसहाला तिने मुलाला खोलीचा फोटो पाठवला. आजीबाईंनी अंथरुण-पांघरुण शेवटी स्वतःचंच दिलं. आमची चादर बघायला मात्र त्यांनी मागून घेतली आणि विणकाम उलटंसुलटं करून पाहिलं.

रात्री आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगलीचं भडंग खाल्लं. आजीबाईंनीही खाल्लं, पाणी प्यायल्या, पुन्हा खाल्लं. त्या झोपायला गेल्यावर मी विचारलं, "तुला हे सुचलं कसं? नुसतं चादरींचं नाही. परत जाऊन इतकं नेमकं सांगणं."

ती म्हणाली, "शाळेत शिकले."

मला वाटलं दहावीबद्दल बोलतेय. ती २०१९ बद्दल बोलत होती.

तुमच्यापैकी जे सांगलीत होते त्यांना तो ऑगस्ट सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर. आम्ही बाहेरगावचे लोक पुण्या-मुंबईत बसून टीव्ही बघत होतो, सांगलीकडे यायला रस्ते नव्हते. आपली शाळा उंचावर, म्हणून वर्गावर्गांत पूरग्रस्त कुटुंबं राहिली होती. ही रोज सासूबाईंचं आवरून दुपारी शाळेत जायची. कोणत्या वर्गात कोणाला जागा द्यायची, ते काम आपल्याच काही निवृत्त शिक्षकांनी तिच्याकडे दिलं होतं. बहुधा वर्गणीच्या दिवसांपासून त्यांना तिची खात्री होती.

त्या रात्री तिने मला जे सांगितलं ते तिच्या शब्दांत सांगते. "शाळेत दोन प्रकारची माणसं यायची. काही जण फाटकाशी नुसते उभे राहायचे. चांगल्या घरातली माणसं, आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं नाही. त्यांची जीभच रेटायची नाही. आणि काही येऊन सरळ सांगायची, आम्ही पाच जण आहोत, त्यात एक म्हातारी आहे, तीन-चार दिवस राहू, भाजी चिरायला या दोघी येतील. असं सांगितलं की मला लगेच कळायचं, यांना नववी ब द्यायचा, नळाजवळचा. न बोलणाऱ्यांना जागा द्यायची इच्छा असायची, पण काय द्यायचं तेच कळायचं नाही. मग मी फाटकाशी जाऊन त्यांना विचारायला लागले, किती जण, किती दिवस, काय अडचण. आज मला वाटलं, आता आपण फाटकाशी उभ्या आहोत. आणि इथे मला विचारायला कोणी बाहेर येणार नाही. तर आपणच सांगावं."

त्या रात्री ती सलग सात तास झोपली. मी झोपले नाही. ही गोष्ट कधीतरी तुम्हाला सांगायची, असं मी तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीने तलावातली बेटं पाहिली. एका बेटावर राजा दुसऱ्या लुडविगने १८७८ मध्ये व्हर्सायच्या धर्तीवर महाल बांधायला घेतला. तो पुरा झालाच नाही आणि राजा तिथे मोजके दिवस राहिला. एवढी दालनं आणि झोपायला माणूस नाही, हे बघून आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो. दुसऱ्या बेटावर आठव्या शतकात स्थापन झालेला जोगिणींचा मठ आहे, तो आजही नांदता आहे.

सोमवारी पुढच्या गाडीसाठी म्युनिकला तीन तास थांबलो. स्टेशनात निळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक दिसले. हिने अर्थातच जाऊन विचारलं, तुम्ही कोण. त्या संस्थेचं नाव बानहोफ्समिसिओन, म्हणजे स्टेशनवरचं सेवाकेंद्र. जर्मनीतल्या अनेक मोठ्या स्टेशनांवर ते असतं, चर्चच्या संस्था चालवतात, धर्म विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. म्युनिकचं तर चोवीस तास उघडं असतं. त्याची सुरुवात १८९४ मध्ये बर्लिनला झाली, खेड्यांतून कामाच्या शोधात शहरात उतरणाऱ्या मुलींसाठी. स्टेशनवर उतरलेल्या एकट्या मुलीला जागा आणि काम देतो म्हणून फसवणारे लोक टपलेले असायचे. त्यांच्या आधी कोणीतरी भल्या माणसाने तिला गाठावं, म्हणून हे केंद्र. सव्वाशे वर्षांपूर्वीपासून प्रश्न तोच आहे, संध्याकाळ झाली, गाव अनोळखी, आता कुठे.

पुढे ल्युसर्नला आम्ही यूथ हॉस्टेलमध्ये राहिलो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी यूथ हॉस्टेलचे हिमालयातले ट्रेक केले आहेत. ही कल्पना कुठून आली ते मात्र मला तोवर माहीत नव्हतं. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मनीतल्या आल्टेना गावचे एक शाळामास्तर होते. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत जोराचं वादळ आलं आणि त्यांनी मुलांसह एका खेड्यातल्या शाळेत रात्र काढली. त्या रात्री त्यांच्या मनात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, त्या प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत? एका दिवसात चालून जाता येईल इतक्या अंतरावर एकेक शाळा. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं, आणि तिथून ती चळवळ जगभर गेली. म्हणजे सर, बाई, जगातलं पहिलं यूथ हॉस्टेल एका शिक्षकाला शाळेच्या वर्गात सुचलं. २०१९ मध्ये आपल्या शाळेने जे केलं ते त्याच जातीचं होतं, हे मला ल्युसर्नला बसून कळलं.

आता ज्यांची मुलं सॅक घेऊन निघणार आहेत, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. एक, जिथे जायचं तिथले उत्सव, सामने आणि जोडून आलेल्या सुट्ट्या आधी बघा. खोल्यांचा भाव त्यावर ठरतो. दोन, आयत्या वेळी जागा शोधायची तर शहराभोवती गोल काढू नका, रेल्वेलाइन धरा. शेवटच्या गाडीची वेळ मात्र लिहून ठेवा. तीन, दुपारी चारच्या आत गावात पोचा. लहान गावात माहितीची ऑफिसं लवकर बंद होतात आणि अंधारात कोणी अनोळखी माणसाला दार उघडत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. चार, हॉस्टेलमध्ये जागा नसली तरी तिथल्या काउंटरवर विचारा. त्यांना गावातल्या बाकीच्या जागा माहीत असतात आणि ते आनंदाने फोन लावतात.

पाचवी गोष्ट माझ्या मैत्रिणीची. दारात उभं राहिल्यावर दार उघडणाऱ्या माणसाची अडचण काय असेल, तो विचार आधी करा आणि मग किती जण, किती दिवस, आमचं काय आम्ही करू, हे तीन वाक्यांत सांगा. ते मोडक्या भाषेत सांगितलं तरी पोचतं.

शेवटी एक विनंती. आपल्या बॅचची यादी संयोजकांनी फार कष्टाने केली आहे. नाव, गाव, फोन, व्यवसाय, रक्तगट. त्यात आणखी एक रकाना घालावा असं मला वाटतं. 'आयत्या वेळी एका रात्रीची सोय होईल का?' हो किंवा नाही, आणि किती जणांची. आपली मुलं आता प्रवेश परीक्षांना, मुलाखतींना पुण्या-मुंबईला, बंगळूरला जाताहेत. आपल्यातल्या कोणाचे आई-वडील तिकडच्या हॉस्पिटलमध्ये दाखल होतात आणि बरोबरचा माणूस बाहेर बाकावर रात्र काढतो, कारण वर्गमित्राला वीस वर्षांनी फोन करून 'येऊ का' विचारायला जीभ रेटत नाही. यादीत आधीच 'हो' लिहिलेलं असेल तर फाटकाशी उभं राहावं लागणार नाही. ज्याला जमत नसेल त्याने मोकळेपणाने 'नाही' लिहावं, प्रत्येकाच्या घराची अडचण वेगळी असते.

पुण्यातलं माझं उत्तर मी संयोजकांकडे दिलं आहे. हो, तिघांची. सांगलीतलं पहिलं उत्तरही आलं आहे. तिने लिहिलंय, "हो. चारजणांची. आपापली चादर आणली तर सहाजणांची."